पाठीवरची शिदोरी



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने भाकरीवर बोलावे यात नवल नाही. ती भाकरी पाठीवर बांधून गड कसा चढावा यावर बोलावे, याचे मात्र काहींना नवल वाटले असेल. पण आमची आणि उष्मांकांची ओळख डोंगरात झालीच नाही. ती वेतनाच्या वाटाघाटीत झाली. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन गरजेवर ठरवावे असे म्हटले आणि अन्नाचा हिशेब डॉ. आयक्रॉइड यांच्या मापाने, प्रौढ माणसाला दिवसाला २७०० उष्मांक, असा धरला. हा आकडा उमजावा म्हणून आम्ही, शाळा अर्धवट सुटलेली माणसे, अन्नघटकांची कोष्टके वाचू लागलो. मालकांपुढे ती किती उपयोगी पडली हे विचारू नका. गडावर मात्र फार पडली.

आमच्या मंडळींत बहुतेक कंत्राटी कामगार. दोन दिवस सुट्टी जुळली की शुक्रवारी रात्रीची गाडी धरायची, शनिवारी चढायचे, रविवारी रात्री घरी. सोमवारी पाळीवर हजर राहिले नाही तर रोज बुडतो, आणि त्या जागी दुसरा उभा राहतो. म्हणून गडावर पोट बिघडणे ही आमच्या लेखी थट्टेची गोष्ट नव्हे.

एकदा हरिश्चंद्रगडावर हेच झाले. बटाट्याची भाजी कढईतून गरम गरम डब्यात भरा, असे आम्हीच सांगितले होते. डबा घट्ट लावला, वाफ आतच राहिली, तिचे पाणी झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजीला किंचित आंबूस वास होता, पण भूक कडाडलेली. तिघांना रात्रभर उलट्या झाल्या. त्यांतला एक सोमवारी कामावर जाऊ शकला नाही आणि मंगळवारी त्याच्या जागी दुसरा होता. ती चूक आमची होती. तेव्हापासून या विषयाकडे आम्ही गंभीरपणे पाहू लागलो.

अन्न नासते ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळे. पाणी कमी तितके अन्न टिकाऊ, आणि तितकेच हलके. आमच्या आयाबायांना हे कोष्टकांवाचून ठाऊक होते. प्रवासाला त्या दशम्या करीत, गुळाच्या पोळ्या करीत, ओल्या नारळाच्या चटणीऐवजी सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी देत. सगळे पूर्ण गार झाल्यावर कापडात बांधायचे, ही त्यांची शिस्त आम्ही मोडली म्हणून तो प्रसंग आला. बाजरीचे पीठ मात्र ताजे दळलेलेच घ्यावे. त्यात स्निग्धांश असल्याने ते लवकर कडवट होते. रात्रीचा उरलेला भात सकाळी परतून खाण्याची सवयही गडावर सोडावी. भातात एक जंतू असा असतो की त्याचे बीज शिजवूनही मरत नाही, आणि भात तसाच राहिला की तो जे विष तयार करतो, ते फोडणीने जात नाही.

आता किती न्यावे? जड काम करणाऱ्या पुरुषासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१० साली ३४९० उष्मांकांचे माप सांगितले होते. ओझे घेऊन दिवसभर चढणारा माणूस त्याच वर्गात बसतो. आमचा एका माणसाचा एका दिवसाचा शिधा असा: तांदूळ २०० ग्रॅम, दशम्यांसाठी कणीक २००, मुगाची डाळ ७५, पोहे ७५, शेंगदाणे १००, गूळ ७५, फुटाणे ५०, सुके खोबरे ३०, तेल-तूप ४०. वजन ८४५ ग्रॅम आणि बेरीज जवळजवळ त्याच मापाची. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ५६७ उष्मांक असतात, तेवढ्याच बटाट्यात ९७. हे कळल्यावर बटाट्याचे पोते कोण वाहील? काकडी मात्र आम्ही पहिल्या दिवसापुरती नेतो. ती कोष्टकात नापास आहे, पण चढावर तिच्यासारखे सुख नाही.

डाळ मुगाचीच का, असे विचारतात. हरिश्चंद्रगड सुमारे १४२० मीटर उंच. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. तूर उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही आणि सरपण किंवा रॉकेल मात्र संपते. मूग भाजून, तांदूळ, हळद, मीठ त्यात घरीच मिसळून एकेका जेवणाची पिशवी शिवावी. पिशवीवर 'शनिवार रात्र' असे लिहावे. जे आधी लागेल ते वर. जड सामान पाठीला चिकटून. रॉकेलची बाटली पिठापासून दूर, बाहेरच्या कप्प्यात. रॉकेल लागलेली दशमी आम्ही खाल्ली आहे, तुम्ही खाऊ नका.

वाटणीचा प्रश्न राहिला. पूर्वी प्रत्येकजण आपला डबा आणी. एकाच्या डब्यात तुपातले लाडू, दुसऱ्याच्या डब्यात नुसत्या भाकऱ्या. असा एक हमाल गडी खडकाआड बसून जेवू लागला. आम्हाला वाटे, त्याला एकांत आवडतो. दोन सहली झाल्यावर उलगडा झाला. मग डबे बंद केले आणि वर्गणी काढून सामाईक शिधा सुरू केला. ज्याला जमेल त्याने पैसे द्यावे, न जमेल त्याने दळण आणावे किंवा शेंगदाणे भाजावे. ओझे मात्र सर्वांनी सारखे घ्यायचे, पुढाऱ्यानेसुद्धा. पहिल्या खेपेस सगळा चहा-गूळ एकाच्याच पाठीवर दिला होता. त्याचा पाय मुरगळला, तो पायथ्यावरूनच परतला आणि चहा-गूळ त्याच्याबरोबर घरी गेला. आता गूळ चौघांत वाटलेला असतो, आणि तो खडकाआडचा गडी हल्ली खिचडी रांधतो. मिठाच्या बाबतीत तो कोणाचेही ऐकत नाही.