उसाच्या ट्रॉलीचं बेअरिंग : चाक निखळण्याआधी कसं ओळखाल?

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळपासून गडहिंग्लजपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. रात्रीच्या वेळी भरल्या ट्रॉलीचं चाक निखळलं, तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतू शकतं. पण बेअरिंग जायच्या आधी बहुतेक वेळा इशारा देतं. तो कसा ओळखायचा, ते बघूया.

बेअरिंग खराब का होतं?
ट्रॉलीचा अ‍ॅक्सल फिरत नाही, त्याच्यावर चाकाचा हब फिरतो. हबमध्ये साधारणपणे आत एक आणि बाहेर एक अशी दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. रोलर आणि स्टीलच्या कड्यांमध्ये ग्रीसचा पातळ थर असतो. तो गेला की धातूवर धातू घासतो, हब तापतो, उरलेलं ग्रीसही पातळ होऊन बाहेर पडतं आणि घर्षण आणखी वाढतं. पावसाळाभर उघड्यावर उभ्या ट्रॉलीत फाटक्या ऑइल सीलमधून पाणी शिरतं आणि गंज चढतो. २०१९ किंवा २०२१ सारख्या महापुरात हब पाण्यात बुडाला असेल, तर तो उघडायलाच हवा.

हंगामाआधी काय तपासायचं?
१. ट्रॉली रिकामी आणि सपाट जागेवर हवी. बाकीच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली भक्कम आधार द्या.
२. चाक हाताने फिरवा. खरखर आवाज आला तर हब उघडा.
३. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड वाजलं तर बेअरिंग सैल आहे किंवा झिजलंय.
४. उघडताना प्रत्येक भागाचा मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे जोडताना क्रम चुकणार नाही.
५. जुनं ग्रीस डिझेलने धुवून बेअरिंग पूर्ण वाळवा. रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग असतील तर बेअरिंग बदला. नवं ग्रीस रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा. सील आणि स्प्लिट पिन नवीनच टाका.
६. नट फार आवळला तर बेअरिंग तापतं, सैल ठेवला तर चाक डुगडुगतं. चाक मोकळं फिरेल, पण हलणार नाही, इतपतच ठेवा.

रोजची एक सवय
काट्यावर नंबर लागेपर्यंत प्रत्येक हबजवळ हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर तोच इशारा! त्यावर पाणी मारून पुढची खेप करू नका. आधी हब उघडून बघा.