कसब्याचा कर्णेश्वर आणि जीर्णोद्धाराचा अर्थ

गेल्या महाशिवरात्रीनंतर चार दिवसांनीं, गर्दी ओसरल्यावर, आम्ही कसबा संगमेश्वर येथील कर्णेश्वराच्या दर्शनास गेलों. बरोबर आमचा नातू होता. तो नववींत शिकतो. हें देऊळ आम्हीं प्रथम पाहिलें तें शाळेच्या सहलीबरोबर, आणि त्यानंतर किती वेळां पाहिलें ह्याची गणती नाहीं. परंतु ह्या खेपेस एक प्रश्न आम्ही घरून बरोबर घेऊन गेलों होतों, आणि दुसरा आम्हांस तेथें भेटला. त्या दोन प्रश्नांची हकीकत वाचकांस सादर करावी, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

पहिला प्रश्न असा उद्भवला. आमच्या पुतण्याचा मुलगा वैद्यकाच्या अभ्यासासाठीं रशियांत आहे. सुटींत तो मॉस्कोच्या पूर्वेस सुमारें १८० किलोमीटरांवर असलेल्या व्लादिमीर नांवाच्या जुन्या राजधानीच्या शहरीं गेला आणि तेथील सेंट डिमिट्रीच्या देवालयाचीं छायाचित्रें त्यानें आम्हांकडे धाडलीं. ख्रिस्ती धर्मांत रोमच्या पोपाची सत्ता न मानणारा जो पौर्वात्य ऑर्थोडॉक्स पंथ आहे, त्या पंथाचें हें देवालय. बाराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथील राजा तिसरा व्सेव्होलोद ह्यानें तें आपल्या वाड्याच्या आवारांत बांधविलें. भिंती पांढऱ्या शुभ्र चुनखडीच्या दगडाच्या, माथ्यावर एकच घुमट, आणि भिंतींवर साडेपांचशेंहून अधिक कोरीव शिल्पें. मध्यें दाविद राजा, भोंवतीं सिंह, पक्षी, वेली आणि घोड्यावर स्वार झालेले संत. तीं चित्रें पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हें तर आपल्या हेमाडपंती देवळासारखें दिसतें. एक बोटभर जागा मोकळी सोडलेली नाहीं!"

बोलणें सहज होतें, पण आमच्या मनांत तें घर करून राहिलें. एकमेकांचें तोंडहि न पाहिलेले दोन देशांचे गवंडी. एकाच्या डोक्यावर बर्फ, दुसऱ्याच्या डोक्यावर कोंकणचा पाऊस. त्यांच्यापुढें अडचणी तरी सारख्या होत्या काय? आणि त्यांनीं त्या सोडविल्या कशा? हा प्रश्न घेऊन आम्ही कसब्यास गेलों.

कसबा हें गांव संगमेश्वराहून अगदीं थोड्या अंतरावर, शास्त्री नदीच्या खोऱ्यांत आहे. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत छत्रपति संभाजी महाराज संगमेश्वरीं मोंगलांच्या हातीं सांपडले. त्यामुळें ह्या परिसराचें नांव घेतांच प्रत्येक मराठी माणसाचें मन जड होतें. परंतु कर्णेश्वराचें देऊळ त्याहूनहि कित्येक शतकें आधींचें आहे. कोंकणांतील अनेक प्राचीन देवळांप्रमाणें ह्याचेंहि कर्तृत्व लोक कधीं पांडवांकडे देतात. १८८० सालीं छापलेल्या रत्नागिरीच्या सरकारी गॅझेटियरांत सह्याद्रिखंडाच्या आधारें दुसरी कथा दिली आहे. तीप्रमाणें सातव्या शतकांत कर्ण नांवाचा चालुक्य राजा कोल्हापुराकडून येथें आला आणि त्यानें वाडे, किल्ला व देवळें बांधलीं. बदामीच्या चालुक्यांच्या वंशावळींत मात्र कर्ण नांवाचा राजा आढळत नाहीं. आणि देवळाची घडण पाहून जाणकार त्याचा काळ अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास धरतात. ह्याच कोंकणपट्टींत, उत्तरेस अंबरनाथ येथें शिलाहारांच्या वेळचें जें शिवमंदिर आहे, त्यावर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. तेव्हां असें बांधकाम करणारे कुशल हात त्या काळीं आपल्या प्रांतांत होते, ह्यांत संशय नाहीं. ओघानें सांगावयाचें तें हें कीं, हेमाडपंत तेराव्या शतकांतला; अशा देवळांस आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतों ती केवळ बोलण्याची रूढि होय.

देवळाजवळ जातांच पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती दगडाची. आपल्या किनारपट्टीचीं घरें जांभ्या चिऱ्यांचीं. जांभा खाणींतून निघतांना मऊ असतो, तासतां येतो, आणि ऊन-वारा लागला कीं कठीण होतो. भिंतीस तो उत्तम. परंतु त्याचें अंग सच्छिद्र असल्यामुळें त्यावर देवतेचे नाकडोळे कोरतां येत नाहींत. त्यासाठीं घट्ट कणांचा काळा पाषाण पाहिजे, आणि तो सह्याद्रीच्या पायथ्याकडे जावें तसतसा हातीं लागतो. कर्णेश्वराच्या शिल्पकारांस हा पाषाण मिळाला, आणि त्यांनीं त्याचें सोनें केलें. शेषशायी विष्णूची मूर्ति पहावी, खांबांवरील नक्षी पहावी, आणि मग मान वर करून मंडपाचें छत पहावें. त्या छतांत अष्टदिक्पाल आपापल्या दिशा संभाळून बसले आहेत. आमचा प्रश्न सुटला तो त्या छताखालीं.

गवंड्याची मूळ अडचण अशी कीं, खालीं खोली चौकोनी आणि वर आच्छादन वर्तुळाकार. चौकोनावर वर्तुळ बसवावयाचें कसें? आपल्या स्थपतींचा उपाय पहा. चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर एकेक दगड तिरपा टाकला कीं आठ बाजू होतात. त्यावर दुसरा थर किंचित् आंत सरकवून, त्यावर तिसरा आणखी आंत. असें करतां करतां मधली पोकळी लहान होत जाते आणि शेवटीं एका कोरीव पद्मशिलेनें ती बंद होते. वर्गांत आम्ही मुलांकडून पुस्तकांच्या दोन चळती समोरासमोर रचवीत असूं, प्रत्येक पुस्तक खालच्यापेक्षां बोटभर पुढें सरकवून. मागच्या टोकावर वजन ठेवलें म्हणजे दोन्ही चळती मध्यें येऊन भेटत. युक्ति हीच. ह्या बांधणींत दगड दगडास बाजूस ढकलीत नाहीं; भार सरळ खालीं खांबांत उतरतो. म्हणूनच अशीं देवळें सामान्यतः दगडांत दगड बसवून, चुना न वापरतांहि उभीं राहिलीं.

पूर्वेकडील ख्रिस्ती स्थपतींनीं मार्ग वेगळा काढला. चार खांबांवर चार कमानी उभारावयाच्या. दोन कमानींच्या मधल्या कोपऱ्यांत खालीं निमुळतें आणि वर रुंद होत जाणारें त्रिकोणी, बाकदार बांधकाम करावयाचें. अशा चारी त्रिकोणांच्या वरच्या कडा एकत्र मिळून वर्तुळ होतें, आणि त्यावर घुमट चढतो. कॉन्स्टँटिनोपलचें सेंट सोफिया हें ह्या पद्धतीचें मोठें उदाहरण. तें इ. स. ५३७ मध्यें पुरें झालें आणि त्याच्या घुमटाचा व्यास सुमारें ३१ मीटर आहे. एवढी रुंदी आपल्या पद्धतीनें साधणारी नव्हे, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. परंतु कमान ही भिंतीस सदैव बाहेर रेटीत असते. भूकंपाचे धक्के बसून तो पहिला घुमट इ. स. ५५८ मध्यें कोसळला आणि दुसरा अधिक उंच करून बांधावा लागला. म्हणजे एकानें रुंदी मिळविली आणि रेट्याची चिंता पत्करली. दुसऱ्यानें रुंदीचा मोह सोडला आणि स्थैर्य घेतलें. व्लादिमीरचें देवालय सेंट सोफियाच्याच घराण्यांतलें. आंत चार खांब, त्यांवर कमानी आणि मध्यभागीं घुमट. चार खांबांच्या डोक्यावर वर्तुळ तोलून धरावें आणि खालीं उभ्या राहिलेल्या भक्तास आकाशाची आठवण द्यावी, हा हेतु मात्र दोघांचा एकच.

नातू हें सर्व ऐकत होता. त्यानें विचारलें, "आजोबा, त्या रशियाच्या देवळाला आठशें वर्षें झालीं, तरी तें जसेंच्या तसें कसें राहिलें?" आम्ही म्हणालों, "जसेंच्या तसें राहिलें नाहीं, बाळ." आणि त्यास खरी हकीकत सांगितली. इ. स. १८३७ च्या सुमारास रशियाचा सम्राट पहिला निकोलस ह्याच्या आज्ञेनें त्या देवालयाची दुरुस्ती निघाली. मूळचें शुद्ध स्वरूप परत आणावें, असा हेतु. देवालयास लागून ओवऱ्या होत्या आणि जिन्यांचे मनोरे होते. हे भाग मागाहून जोडलेले आहेत असें समजून ते पाडण्यांत आले. पुढें अभ्यासकांच्या ध्यानांत आलें कीं, तेहि प्राचीनच होते. सम्राटाची सत्ता होती, द्रव्य होतें, भक्ति होती; एक गोष्ट नव्हती. पाडण्यापूर्वीं जें वाचावयास पाहिजे होतें, तें कोणीं वाचलें नव्हतें.

हें ऐकून नातू कांहीं वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानें दुसरा प्रश्न विचारला. "आजोबा, आपल्या गांवच्या देवळाच्या त्या दगडावर काय लिहिलें होतें?"

वाचकहो, ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं, आणि तें कां नाहीं हें सांगणें आम्हांस भाग आहे. आमच्या मूळ गांवीं ग्रामदेवतेचें जुनें देऊळ होतें. गांवाचें नांव लिहीत नाहीं, कारण दोष गांवाचा नव्हे, आमचा. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, फणसाच्या लांकडाचे कोरीव खांब. पायरीच्या उजव्या अंगास काळ्या दगडाची एक शिळा भिंतींत बसविलेली होती आणि तीवर सात-आठ ओळींचा लेख होता. चुन्याचीं पुटें चढून अक्षरें बुजलीं होतीं. 'स्वस्ति श्री शके' एवढें वाचतां येई, पुढचे आंकडे दिसत नसत. लहानपणीं त्याच पायरीवर बसून आम्हीं रूपावली पाठ केली. पुढें जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें, कालिदास शिकविला. पण तांब्याभर पाणी आणि एक मऊ कुंचला घेऊन ती शिळा धुवावी आणि लेख उतरून घ्यावा, हें आमच्या हातून झालें नाहीं. दर मे महिन्यांत मनांत येई, 'पुढच्या खेपेस पाहूं.'

वीसएक वर्षांपूर्वीं गांवानें देऊळ नवें बांधण्याचें ठरविलें. छप्पर गळत होतें, खांबांस वाळवी लागली होती. लोकांची अडचण खोटी नव्हती. वर्गणीचें आवाहनपत्र लिहावयास गांवाला आमच्याखेरीज दुसरा कोण? आम्हीं तें मोठ्या उत्साहानें, संस्कृतप्रचुर भाषेंत लिहिलें. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनीं सढळ हातानें पैसे धाडले. आणि ज्या पंधरवड्यांत जुनें देऊळ उतरविलें, त्या पंधरवड्यांत आम्ही एका लग्नकार्यास बाहेरगांवीं होतों. परत येऊन पाहतों तों सिमेंटचा चौथरा तयार! शिळेची चौकशी केली, तेव्हां 'पायाच्या भरावांत गेली असेल, गुरुजी,' असें उत्तर मिळालें. बोलणाऱ्यास त्यांत वाईट कांहींच वाटलें नाहीं. कां वाटावें? ती शिळा मोलाची आहे, असें ज्यास ठाऊक होतें त्यानेंच तें कधीं कोणास सांगितलें नव्हतें. आज तेथें गुळगुळीत फरशी आहे, भिंतींस तैलरंग आहे, आणि दर्शनी भागावरील संगमरवरी पाटीवर देणगीदारांच्या यादींत आमचेंहि नांव आहे. तें नांव वाचतांना आम्हांस प्रत्येक वेळीं तें दुसरें, न वाचलेलें नांव आठवतें. त्या शिळेंतहि कोणा एका देणगीदाराचेंच नांव असावें.

ही हकीकत आम्हीं कर्णेश्वराच्या मंडपांत बसून नातवास सांगितली. मुलापुढें चूक कबूल करणें वडीलधाऱ्यांस जड जातें. पण सांगून झाल्यावर मन हलकें झालें.

आतां 'जीर्णोद्धार' ह्या शब्दाकडे पहा. अग्निपुराणांत जीर्णोद्धारविधीवर स्वतंत्र विवेचन आहे. म्हणजे जुन्याची डागडुजी आपल्या धर्मास नवी नाहीं, आणि पडकें देऊळ पडकेंच ठेवावें असें कोणीं म्हणत नाहीं. परंतु शब्दाची फोड करा. 'उद्धार' हा शब्द 'हृ' धातूस 'उद्' उपसर्ग लागून होतो. त्याचा अर्थ वर काढणें, बुडत्यास बाहेर ओढणें. त्याच 'हृ' धातूस 'सम्' उपसर्ग लागला कीं 'संहार' होतो. धातु एकच, फरक फक्त उपसर्गाचा! जुन्या वास्तूंत जें आहे तें ओळखून वर काढलें तर तो उद्धार. न ओळखतां पाडून वर नवें उभारलें तर तो संहार, मग हेतु कितीहि सात्त्विक असो. निकोलस सम्राटाचा हेतु सात्त्विक होता, आणि आमच्या आवाहनपत्राचाहि होता.

म्हणून आमची विनंति एवढीच आहे. आपल्या प्रत्येकाचें एक मूळ गांव आहे, आणि बहुतेकांच्या गांवीं एक जुनें देऊळ आहे. ह्या मे महिन्यांत घरांतील मुलेंमुली तेथें जातील. त्यांच्या हातीं एक मोजपट्टी आणि एक वही द्या. खांब किती, कशाचे, किती उंच, हें त्यांनीं मोजून लिहावें. छताचें, दाराच्या चौकटीचें, प्रत्येक मूर्तीचें छायाचित्र घ्यावें. आतां प्रत्येक घरीं त्याचें साधन आहे. अक्षरें दिसलीं तर लोखंडी वस्तूनें खरडूं नयेत, रंग भरूं नयेत. तिरपा उजेड पाडून छायाचित्र घ्यावें आणि तें जाणत्यास दाखवावें. गांवांत दुरुस्तीची भाषा निघाली, तर वर्गणी देण्यापूर्वीं 'काय काय आहे त्याची यादी झाली काय?' असें विचारावें. त्यास खर्च कांहींच नाहीं, आणि देवाचा कोप होण्याचेंहि कारण नाहीं.

आम्ही उठलों तेव्हां ऊन कलतें झालें होतें. नातवानें आपल्या वहींत मंडपाच्या छताची आकृति काढली होती. चौकोन, त्यांत अष्टकोन, त्यांत वर्तुळ. रेषा जरा वांकड्या होत्या, पण माप त्यानें पावलांनीं मोजून शेजारीं लिहिलें होतें. खालीं त्या दिवसाची मिति घालावयास आम्हीं त्यास सांगितलें.