वैनगंगेची वळणे

मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावणारी वैनगंगा आरंभी उत्तरेकडे वाहते, मग पूर्वेकडे वळून शिवनीच्या पठाराला मोठा वळसा घालते आणि शेवटी दक्षिणवाहिनी होऊन बालाघाटमार्गे महाराष्ट्रात येते. हा वळसा खडकांच्या रचनेने आणि भूमीच्या उताराने ठरवून दिलेला आहे; परंतु नदी जेव्हा स्वतःच आणलेल्या गाळातून वाहू लागते, तेव्हा ती घेत असलेली नागमोडी वळणे वेगळ्या जातीची असतात, कारण ती पाण्याने घडवलेली असतात आणि पाण्याबरोबर बदलत राहतात.

अशा वळणाची सुरुवात क्षुल्लक कारणाने होऊ शकते. कोसळलेली दरड किंवा रेतीचा उंचवटा प्रवाहाला एका काठाकडे ढकलतो आणि तो काठ झिजू लागला की प्रवाह अधिकच तिकडे झुकतो. वळणावर पाणी बाहेरच्या काठाशी किंचित चढते. तळाजवळचे पाणी घर्षणाने मंदावलेले असल्यामुळे या चढलेल्या पाण्याचा दाब त्याला आतल्या काठाकडे सारतो, तर पृष्ठभागावरचे वेगवान पाणी बाहेर जाते, आणि दोन्ही हालचाली मिळून पिळाच्या आकाराचा प्रवाह तयार होतो. जेम्स थॉमसन यांनी 1876 मध्ये ही क्रिया मांडली. 1926 मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी ती चहाच्या पेल्यावरून समजावली, कारण ढवळलेल्या चहाची पत्तीही याच नियमाने तळाच्या मध्यभागी गोळा होते.

परिणामी बाहेरचा काठ कोरला जाऊन तिथे डोह पडतो आणि आतल्या काठाशी रेती साचते. भंडाऱ्याच्या नदीकाठचे जीवन या दोन्हींवर उभे राहिले आहे: ढिवर समाजाची मासेमारी डोहांच्या आधाराने चालत आली, आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या लागत आल्या. एका काठाची झीज आणि दुसऱ्याची भर साधारण सारखी राहिल्यास पात्राची रुंदी फारशी न बदलता सबंध वळणच बाजूला आणि खालच्या दिशेला सरकते. लागोपाठच्या दोन सारख्या वळणांमधील अंतर बहुधा पात्राच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट भरते, हे प्रमाण लहान ओढ्यांपासून महानद्यांपर्यंत आढळते. वळण फार वाढले की त्याची मान अरुंद होते, एखाद्या पुरात पाणी ती फोडून सरळ जाते आणि मागे नालाकृती सरोवर उरते; बिहारमधील बेगुसरायजवळचे कावर सरोवर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

काठ कठीण असल्यास हे सरकणे अत्यंत मंदावते. वैनगंगेच्या काठावरील पवनी येथे 1969-70 च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. दोन हजार वर्षांहून जुनी ही वस्ती नदीकाठीच टिकून राहिली, यावरून तिथला काठ बराच स्थिर असावा असे अनुमान करता येते.

वळणांचे बरेचसे काम पुरातच होते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहराच्या सखल वस्त्या पाण्याखाली नेल्या. असा पूर सैल काठाची अनेक वर्षांची झीज काही दिवसांत घडवू शकतो. मात्र आता या क्रियेत माणसाचा हात मोठा आहे. वैनगंगेच्या रेतीला विदर्भभर मागणी आहे, आणि ती नदी भरून काढू शकेल त्याहून अधिक उपसली तर तळ खोल जातो, काठ उभे होतात व आधार सुटून ढासळतात. ही हानी पुराच्या हानीपेक्षा गंभीर मानायला हवी, कारण झिजलेल्या काठाची भरपाई करणारी रेतीच इथे नाहीशी झालेली असते. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने दुसरा बदल घडवला आहे. वैनगंगा आणि कन्हान यांच्या संगमावरील आंभोऱ्यापर्यंत जलाशयाचे पाणी पसरल्याने त्या टापूत प्रवाहाचा वेग मोडतो आणि जाड रेती जलाशयाच्या वरच्या टोकालाच बसते. धरणाखाली जाणाऱ्या पाण्यात ती कमी असल्यामुळे खालच्या पात्रात आतल्या काठाला भर घालण्यास पुरेशी सामग्री उरत नाही.