एक मूठ, दोन कार्ब्युरेटर

राजदूत ३५० च्या उजव्या मुठीतून निघालेली एकच केबल टाकीखाली पोचते आणि तिथे तिच्या तीन वाटा होतात. दोन वाटा दोन कार्ब्युरेटरांकडे जातात, तिसरी ऑइल पंपाकडे. मूठ पिळली की दोन्हीकडच्या स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारे सरकते पडदे, एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या पाहिजेत आणि तेलही त्याच हिशेबाने सुटलं पाहिजे. ही अट जमली तर गाडी बाणासारखी सुटते. बिघडली तर पिस्टन जाम होतो. दिवाळी अंकासाठी जुन्या मोटरसायकलींवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझ्याजवळ बऱ्याच गाड्यांची यादी होती. पुण्यात नाना पेठेच्या बाजूच्या एका गॅरेजात गेलो आणि ती यादी बाजूला पडली. लेख या केबलीपाशीच थांबला.

इतिहास थोडक्यात असा. यामाहाने १९७३ साली आरडी ३५० काढली : ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ती राजदूत नावाने भारतात बनवली, पण ताकद उतरवून. मूळ गाडीची ३९ हॉर्सपॉवर. इथल्या ‘हाय टॉर्क’ची साडेतीस आणि नंतरच्या ‘लो टॉर्क’ची २७. तरी त्या काळची ३५० सीसीची बुलेट १८ हॉर्सपॉवरची होती, हे लक्षात घेतलं की ही गाडी रस्त्यावर काय वाटत असेल ते कळतं. किंमत जड, पेट्रोलची भूक मोठी. त्यामुळे गिऱ्हाईक थोडं राहिलं आणि दशक संपता संपता उत्पादन थांबलं. उरलेल्या गाड्यांचे मालक तेव्हापासून एकच ध्यास घेऊन बसले आहेत : कापलेली ताकद परत मिळवायची.

मी पाहिलेली गाडी त्याच ध्यासातून बदललेली ‘लो टॉर्क’ होती. मूळ सायलेन्सर जाऊन तिथे मध्ये फुगलेले, टोकाला निमुळते पाइप आले होते : एक्स्पान्शन चेंबर. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे शास्त्र पुढे नेलं. सिलिंडरमधून धुराबरोबर थोडं ताजं मिश्रणही निसटतं. पाइपाच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट ते पुन्हा आत ढकलते. पण ही लाट ठरावीक फेऱ्यांनाच वेळेवर पोचते. त्या टप्प्यात इंजिन अचानक जास्त हवा मागतं, आणि हवेबरोबर जास्त पेट्रोलही. त्यात एअर बॉक्स काढून दोन शंकूच्या आकाराचे उघडे फिल्टर लावलेले. हवा मोकळी झाली, पेट्रोलचं भोक, म्हणजे जेट, तेवढंच राहिलं. कारखान्याने पुस्तकात छापलेला एकही आकडा आता या गाडीला लागू नव्हता.

गॅरेजवाल्या काकांची साठी उलटली आहे. मालक तरुण, त्याला कार्ब्युरेटर उघडून हवे होते. काकांनी त्यांना हात लावला नाही. ‘आधी हवा चोरून कुठून येते ते बघू,’ म्हणाले. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधून जातं, म्हणून क्रँकचं ऑइल सील गळकं असेल तर इंजिन तिथूनही श्वास घेतं. ठिणगीच्या पॉइंटच्या बाजूचं सील गेलं तर कोरडी हवा शिरते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं; क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं तेल ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो. सील झाली, इनटेकचे रबर झाले, मग पॉइंट. इथे दोन सिलिंडरना दोन वेगळे पॉइंट, म्हणून टायमिंगही दोनदा. हे सगळं पक्कं झाल्याशिवाय जेटला हात लावणं म्हणजे दुसऱ्याचा गुन्हा कार्ब्युरेटरच्या माथी मारणं, हा त्यांचा नियम.

मग त्यांनी मुठीवर चिकटपट्टी लावून पेनाने खुणा केल्या : पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. त्या खुणांनी मला या गाडीचा मिकुनी कंपनीचा कार्ब्युरेटर पहिल्यांदा नीट समजला. मूठ जेमतेम उघडी असताना पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचं राज्य. पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका काप ठरवतो. काप जितका मोठा तितकं मिश्रण लीन. पावपासून पाऊणपर्यंत निमुळती पिन. तिच्या डोक्याशी पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली सरकवली की पिन वर येते आणि पेट्रोल वाढतं. पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणजे गाडी ‘मिसिंग मारते’ एवढं सांगणं पुरेसं नाही. मुठीच्या कोणत्या खुणेवर मारते, ते सांगता आलं पाहिजे.

मी सगळ्यात जास्त वेळ पाहत राहिलो ते दोन्ही कार्ब्युरेटर जुळवण्याचं काम. फिल्टर काढून काकांनी दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाचे ड्रिल बिट सरकवले आणि दोन्हीकडे ते सारखेच धरले जाईपर्यंत आयडलचे स्क्रू फिरवले. मग दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून हाताखालच्या पोराला मूठ हळूहळू पिळायला सांगितली. स्लाइड हलायला लागण्याचा क्षण दोन्ही बोटांना एकदमच कळला पाहिजे. डावी किंचित आधी उठत होती. केबलीचा ॲडजस्टर अर्धा फेरा, पुन्हा बोटं, पुन्हा पाव फेरा. बैलजोडीतला एकच बैल ओढत राहिला की आधी तोच बसतो. इथे आधी उघडणारा सिलिंडर भार घेतो, तापतो आणि जाम होतो. शेवटी ऑइल पंपाच्या चाकावरची खूण जुळवली, कारण केबल हलली की तेलाचं मापही हलतं.

मेन जेटचा निकाल मात्र रस्त्यावरच लागतो. पहाटेचा रिकामा, सरळ रस्ता. वरचा गिअर, पूर्ण मूठ. मग एकाच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद. गाडी घरंगळत थांबली की प्लग काढायचा आणि चिनी मातीच्या अगदी मुळाशी असलेलं कडं पाहायचं. काळं ओलं म्हणजे पेट्रोल जास्त, मिश्रण रिच; पांढरं म्हणजे लीन, धोका. काका मोठ्या जेटपासून सुरुवात करतात आणि एकेक नंबर खाली येतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलच पिस्टनला थंड ठेवतं. रिच गाडी नुसती गुदमरते, लीन गाडी पिस्टन वितळवते.

इथवर ही कारागिरीची गोष्ट आहे. पुढची गोष्ट चिंतेची.

पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजनच असतो. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तरी मिश्रण लीन होतं. जुन्या पेट्रोलवर अचूक लावलेली गाडी हात न लावताही धोक्याच्या बाजूला सरकली आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पांढरी भुकटी धरते, जुने रबर फुगतात, पायलट जेटचं भोक बुजतं. महाराष्ट्राच्या उसाला यातून बाजार मिळतो, आणि तो मिळायलाच हवा असं मला वाटतं. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला हा बदल सोसायचा तर ते नव्याने ट्यून करावं लागेल, हे मालकांना कोणीतरी सांगायला हवं.

इंधनाबरोबर हवाही बदलते. पुण्याची हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ आहे. इथे काठावर लावलेली गाडी घाट उतरून मुंबईला गेली की लीन होते. पसरणी घाट चढून पाचगणीला गेली की जड चालते. डिसेंबरच्या पहाटेची थंड, दाट हवा पुन्हा लीन करते. पावसात उघडे फिल्टर भिजले की गाडी चोकअप. त्यातच बाजारात नकली जेट आलेत. वर कोरलेला नंबर आणि आतलं भोक यांचा मेळ नाही. ज्या कामात एक नंबर इकडचा तिकडे झाला की पिस्टन जातो, तिथे खोटा नंबर ही फसवणूक नव्हे, घात आहे.

काकांच्या वहीत प्रत्येक गाडीचं पान आहे : मेन जेट, पिनची खाच, हवेच्या स्क्रूचे फेरे, तारीख. इथेनॉल वाढल्यावर जुन्या पानांवरचे आकडे निकामी झाले, पण आकड्यांपर्यंत पोचायची रीत निकामी झालेली नाही. ती उचलायला हाताशी पोरगा आहे. मात्र एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जवळपास उरलाच नाही. त्यामुळे पोराचं रोजचं पोट स्कॅनरवर भरतं. बोटांनी स्लाइड ओळखायला त्याला वेळ हवा, आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. परदेशी पाइपांवर हजारो रुपये खुशीने टाकणारा मालक ट्यूनिंगच्या मजुरीवर घासाघीस करतो, हे मी तिथेच पाहिलं. ही गाडी जिवंत ठेवायची असेल तर हिशेब उलटा करायला हवा : आधी कारागिराच्या दिवसांचे पैसे, मग पाइप. तसं झालं तरच त्या पोराला हे काम शिकणं परवडेल, आणि वहीत इथेनॉलनंतरची पानं भरत जातील.