ब्रह्मदेशातील इंटरनेटचे कुलूप कुणाच्या हाती?

ब्रह्मदेशाचे नाव निघाले की आपल्या बौद्ध घरांत रंगूनची आठवण होते. 1954 च्या डिसेंबरात बाबासाहेब तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तो देश आज म्यानमार आणि रंगून यांगून म्हणून ओळखले जाते. तिथल्या भिक्खू-उपासकांची बातमी आपल्यापर्यंत कधी येते आणि कधी एकाएकी तुटते. ती का तुटते हे पाहू लागलो, तेव्हा गोष्ट आपल्या खिशातल्या मोबाईलपर्यंत येऊन पोहोचली.

इंटरनेट हवेत असते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. वस्तीतला मोबाईल जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवरपासून जमिनीखालून काचेची तार कंपनीच्या केंद्रात जाते आणि तिथून सरहद्दीपार किंवा समुद्राखालून जगाला मिळते. या वाटेवर कुठेही कुलूप घालता येते. त्यासाठी पोलीस पाठवावे लागत नाहीत. परवाना देणाऱ्या खात्याचे एक पत्र पुरते.

2007 साली इंधनाचे भाव एकदम वाढले आणि भिक्खू हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. राजवटीच्या माणसांचे दान नाकारून त्यांनी भिक्षापात्रे पालथी केली. विनयातला हा जुना बहिष्कार आहे आणि उपासकाला याहून मोठी शिक्षा नाही! गोळीबाराची दृश्ये इंटरनेटवरून जगभर गेली, तेव्हा सप्टेंबरअखेर लष्कराने इंटरनेटच बंद केले. ते सहज जमले, कारण देशाला जोडणारे पुरवठादार दोनच होते आणि दोन्ही राजवटीच्या मुठीत होते.

पुढे दरवाजे उघडले. 2013 साली नॉर्वेच्या टेलिनॉरला आणि कतारच्या उरीडूला परवाने मिळाले. त्याआधी सिमकार्डाला शेकडो डॉलर मोजावे लागत, ते 2014 मध्ये दीड हजार क्यातला, म्हणजे सुमारे दीड डॉलरला मिळू लागले. शेतमजुराच्या हातीही फोन आला. परदेशी मालक आला, आता लष्कराचे काही चालणार नाही, असे लोकांना वाटले असेल तर नवल नाही. पण 2013 च्या दूरसंचार कायद्यात कलम 77 होते. आणीबाणीच्या प्रसंगी सेवा थांबवण्याचा हुकूम सरकार देऊ शकते आणि परवानाधारकाने तो मानायचा, असे ते कलम. तार कंपनीची, पण कुलपाची किल्ली सरकारकडे.

ती किल्ली पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर फिरवली ती लष्करी राजवटीने नव्हे. जून 2019 मध्ये राखाइन आणि चिन प्रांतांतल्या नऊ तालुक्यांचे मोबाईल इंटरनेट बंद झाले, तेव्हा आंग सान सू ची यांचे निवडून आलेले सरकार होते. अल्पसंख्याकांच्या मुलखात वापरून पाहिलेले हत्यार पुढे सगळ्या देशावर चालले.

1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावली. फेसबुक बंद झाले, मग रोज रात्री एक ते सकाळी नऊ इंटरनेट बंद राहू लागले आणि मार्चच्या मध्यापासून मोबाईल इंटरनेटच गेले. टेलिनॉर सुरुवातीला सरकारचे आदेश जाहीर करीत होती. दोन आठवड्यांत तेही थांबले. नंतर लोकांचे बोलणे ऐकण्याची यंत्रणा सुरू करण्यासाठी दबाव आला, तेव्हा कंपनीने गाशा गुंडाळायचे ठरवले. 10.5 कोटी डॉलरला धंदा लेबनॉनच्या एम-वन गटाला विकला आणि मार्च 2022 मध्ये तो ताब्यातही दिला. गिऱ्हाईक सुमारे 1 कोटी 80 लाख. त्यांची नावे आणि कोण कुणाशी बोलला याच्या नोंदी नव्या मालकाकडे गेल्या. ज्यांच्या नोंदी होत्या त्यांना कुणी विचारले नाही. 2024 मध्ये उरीडूही गेली. मायटेल या चौथ्या कंपनीत तर व्हिएतनामच्या लष्कराच्या कंपनीचा 49 टक्के वाटा, आणि ब्रह्मी लष्कराच्या उद्योगाचा 28 टक्के. तिथे हुकूम देणारा आणि घेणारा एकच.

आपल्याकडे काय? मे 2017 मध्ये सहारनपूरला दलित वस्तीवरच्या हल्ल्यानंतर मोबाईल इंटरनेट बंद केले गेले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यासाठी 2 एप्रिल 2018 ला भारत बंद झाला, त्या दिवशी पंजाबात आणि ग्वाल्हेर-भिंडकडे तेच घडले. आपल्यावर अन्याय झाला तर तो सांगायची सोय आधी तोडली जाते, हे वाचकांनी टिपून ठेवावे. 10 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात सांगितले की बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत. इंग्रजांचा 1885 चा तार कायदा जाऊन 2023 चा नवा कायदा आला, पण बंदीचा अधिकार सरकारकडेच आहे. नियमांनी त्याला पंधरा दिवसांची मर्यादा घातली आहे, एवढेच. आज नाक्यावरच्या मजुराला काम फोनवर कळते, रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर द्यावा लागतो. बंदीचा पहिला फटका कुणाला, ते वेगळे सांगायला नको.

'मूकनायक'ची पैसे देऊनही जाहिरात न छापणारे वृत्तपत्र 1920 साली होते. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. छापखाना वर्गणीतून निघू शकतो, समुद्राखालची तार वर्गणीतून टाकता येत नाही. म्हणून आदेश मागण्याचा, तो प्रसिद्ध करायला लावण्याचा आणि न्यायालयात जाण्याचा हक्क आपल्या वकील मंडळींनी हाती घ्यावा, असे आम्हाला वाटते.

28 मार्च 2025 ला म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला. तीन हजारांवर माणसे गेली, विहार कोसळले. मंडालेची छायाचित्रे जगाने त्याच दिवशी पाहिली. नदीपलीकडच्या सागाइंग प्रांतात अनेक ठिकाणी इंटरनेट आधीपासूनच तोडलेले होते. तिथल्या खेड्यांत कोण वाचले, कोण गेले, याची खबर कित्येक दिवस तुकड्या-तुकड्यांनी येत राहिली.