विद्युत् स्कूटर : घरगुती देखभाल व दुरुस्ती

विद्युत् स्कूटर, घरगुती देखभाल व दुरुस्ती : पुनःपुन्हा भारित करता येणाऱ्या घटमालेतील (बोलीभाषेत बॅटरीतील) ऊर्जेवर विद्युत् चलित्र, म्हणजे मोटार, चालवून ज्या दुचाकीचे चाक फिरविले जाते, तिला विद्युत् स्कूटर म्हणतात. पेट्रोलवर चालणाऱ्या स्कूटरपेक्षा तिच्यात हलणारे भाग पुष्कळच कमी असतात. दट्ट्या, झडपा, कार्ब्युरेटर, ठिणगी गुडदी, क्लच व गिअर यांपैकी काहीही तिच्यात नसते आणि एंजिन तेलही बदलावे लागत नाही. असे असूनही ही स्कूटर घरी दुरुस्त करणे जुन्या स्कूटरपेक्षा अवघड ठरते. मोठ्या शहरांत ही अडचण फारशी जाणवत नाही. नांदेड व लातूर यांसारख्या जिल्ह्यांत मात्र उष्ण हवामान, विजेच्या पुरवठ्यातील चढउतार आणि दुरुस्ती केंद्रांचे अंतर यांमुळे ती ठळकपणे दिसून येते.

पूर्वपीठिका : बजाज ऑटोची ‘चेतक’ स्कूटर व कायनेटिक एंजिनिअरिंगची ‘लूना’ ही दोन्ही वाहने १९७२ मध्ये बाजारात आली आणि मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. त्यांची बरीचशी देखभाल घरातच होई. गुडदी काढून पॉलिश कागदाने घासणे, कार्ब्युरेटरचे छिद्र बारीक तारेने मोकळे करणे आणि सुरू न होणारी स्कूटर एका बाजूला कलती करून पुन्हा किक मारणे हे उपाय घरोघरी माहीत होते. जे घरी जमत नसे, ते चौकातील मिस्त्री करी. सुटे भाग जिल्ह्याच्या बाजारात मिळत. मुख्य म्हणजे दोष कोठे आहे ते डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई किंवा वासावरून कळे.

विद्युत् स्कूटरी प्रथम शिशाच्या घटमालेसह आल्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीचे चलित्र व ताशी २५ किमी.पेक्षा कमी वेग असलेल्या वाहनास नोंदणी व चालक परवाना लागत नाही. सुरुवातीच्या पुष्कळ स्कूटरी याच वर्गातील होत्या. त्यांत १२ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असत. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टर व त्याची बॅटरी ही मराठवाड्यात घरटी लागणारी वस्तू बनली होती. त्यामुळे बॅटरीचा दाब मोजणारे व खराब नग वेगळा काढणारे दुकानदार सर्वत्र तयार झाले होते. त्यांना शिशाच्या घटमालेची स्कूटर परकी वाटली नाही.

पुढे चित्र पालटले. विद्युत् वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्र शासनाच्या योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाला. त्यात शिशाच्या घटमालेची वाहने वगळण्यात आली आणि लिथियम आयन घटमालेस चालना मिळाली. चेतक हे नाव जानेवारी २०२० मध्ये व लूना हे नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्युत् वाहनांवर पुन्हा झळकले. पण त्या नावांबरोबर जोपासली गेलेली घरगुती दुरुस्तीची विद्या मात्र परत येऊ शकली नाही.

रचना : स्कूटरचे मुख्य भाग चार असतात : घटमाला, चलित्र, त्या दोहोंमधील नियंत्रक (कंट्रोलर) आणि चार्जर. घटमालेतील एकदिश प्रवाहाचे नियंत्रक अतिजलद उघडझाप करणाऱ्या अर्धसंवाहक स्विचांच्या साहाय्याने तीन कलांत रूपांतर करतो व तो चलित्रास पुरवितो. चलित्र बहुधा मागील चाकाच्या तुंब्यातच बसविलेले असते. त्यातील तारांची गुंडाळी आसावर स्थिर असते व कायम चुंबके लावलेले बाहेरचे कडे फिरते. चुंबके कोणत्या स्थितीत आहेत, हे तीन लहान हॉल संवेदक नियंत्रकास कळवितात. दिवे व भोंगा यांसाठी मुख्य दाब १२ व्होल्टपर्यंत उतरविणारा वेगळा परिवर्तक असतो. काही स्कूटरींत त्याच्या जोडीला १२ व्होल्टची लहान बॅटरीही असते. [⟶ विद्युत् घट, विद्युत् चलित्र].

घरी करता येणारी कामे : टायरांतील हवा, ब्रेकचा ताण, सैल स्क्रू, आरसे, दिवे व वायरींची बाह्य तपासणी ही कामे मालकाने करण्यास हरकत नाही. ‘बंद पडलेल्या’ म्हणून दुरुस्तीस नेलेल्या काही स्कूटरींत मुख्य यंत्रणेचा दोष मुळीच नसतो. ब्रेकच्या मुठीपाशी एक लहान स्विच असतो. ब्रेक दाबताच तो चलित्राचा प्रवाह तोडतो. धुळीने तो अडकून राहिला, तर ब्रेक सतत दाबलेलाच आहे असे नियंत्रकास वाटते आणि मूठ कितीही पिळली तरी चाक हलत नाही. बाजूच्या स्टँडच्या स्विचचेही तसेच आहे. १२ व्होल्टची लहान बॅटरी मेली, तर मुख्य घटमाला पूर्ण भारित असूनही काही स्कूटरींचा पडदा उजळत नाही. या तीन गोष्टी आधी पाहिल्यास पुष्कळ हेलपाटे वाचू शकतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल जोडण्यांत शिरून तेथे गंज धरतो. अशा जोडण्या मुख्य पुरवठा बंद करून कोरड्या फडक्याने पुसता येतात. परंतु दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने स्कूटर धुतल्यास पाणी नेमके तेथेच शिरते.

उन्हाळ्यात उद्‌भवणारी एक गोष्ट पुष्कळांना दोष वाटते, पण ती दोष नव्हे. नांदेड येथे एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४२° से.च्या पुढे जाते. बालाघाटच्या पठारावरील लातूर तुलनेने थोडे सौम्य आहे इतकेच. लिथियम आयन घट साधारणतः ०° ते ४५° से. तापमानाच्या मर्यादेत भारित करावयाचे असतात. भर दुपारी डांबरी रस्त्यावरून आलेल्या स्कूटरची घटमाला या मर्यादेपलीकडे तापलेली असते. लगेच चार्जर लावला, तर घटमालेतील व्यवस्थापन यंत्रणा भारण रोखून धरते. चार्जर बिघडला असे समजून तो उघडला जातो किंवा मर्यादा न पाळणारा दुसरा स्वस्त चार्जर आणला जातो. यांतील दुसरा उपाय सर्वांत धोक्याचा. स्कूटर सावलीत तासभर ठेवून नंतर चार्जर लावणे एवढेच वास्तविक पुरेसे असते.

चलित्राची दुरुस्ती : मराठवाड्यातील कारागिरांचे एक कौशल्य येथे विचारात घेण्याजोगे आहे. कमी दाबामुळे किंवा तीन कलांपैकी एक कल गेल्याने विहिरींवरील व विंधनविहिरींतील शेतीपंपांच्या मोटारी वारंवार जळतात. त्यामुळे मोटार वाइंडिंगची दुकाने तालुक्यातालुक्यांत आहेत. गुंडाळीच्या वेढ्यांची संख्या मोजणे, तेवढ्याच जाडीची तार वापरणे, खाचांत निरोधक कागद बसविणे व वॉर्निश देणे या गोष्टी तेथील कारागिरांना अंगवळणी पडलेल्या आहेत. स्कूटरच्या चलित्राची गुंडाळी तत्त्वतः याच जातीची असते. परंतु पंपाच्या फिरत्या भागात चुंबके नसतात, स्कूटरच्या चलित्रात ती असतात व फार प्रबळ असतात. योग्य ओढक साधनाशिवाय कडे उघडल्यास ते झटक्याने परत ओढले जाऊन बोटे चिरडू शकतात. चुंबके अतिशय तापल्यास त्यांची शक्ती कायमची घटते. शिवाय स्कूटर अडखळत किंवा थरथरत चालते, तेव्हा पुष्कळदा गुंडाळी शाबूत असून अल्प किमतीचा एखादा हॉल संवेदक निकामी झालेला असतो. तो बदलताना त्याची बाजू व तारांचा क्रम चुकला, तर चाक उलट फिरते किंवा मुळीच फिरत नाही.

दोष चलित्रात आहे की नियंत्रकात, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. मुख्य पुरवठा पूर्ण बंद करून, मागील चाक उचलून हाताने फिरवून पाहावे. ते जड व अडखळत फिरत असेल, तर चलित्राकडे जाणाऱ्या तीन जाड तारा नियंत्रकापासून सोडवून व एकमेकींना लागू न देता पुन्हा फिरवावे. आता ते हलके फिरले, तर नियंत्रकातील अर्धसंवाहक स्विच जळून आतल्या आत जोडले गेले आहेत असे समजावे. जडच राहिले, तर दोष चलित्रात किंवा त्याच्या तारांत असतो. ही परीक्षा पंपाच्या कारागिरास तत्काळ समजते. तिच्यापुढचे काम मात्र त्याच्या हाती राहत नाही. नियंत्रकाचे मंडल कित्येकदा राळेत बुडवून बंद केलेले असते आणि त्याचा आराखडा उत्पादकाखेरीज कोणाकडे नसतो.

घटमाला : घरगुती दुरुस्तीची खरी सीमा येथे येते. लिथियम आयन घटाचा दाब त्याच्या रासायनिक प्रकारानुसार सु. ३·२ किंवा ३·६ व्होल्ट असतो. असे अनेक घट एकसर व अनेकसर जोडून ४८, ६० किंवा ७२ व्होल्टच्या आसपासची घटमाला बनते. सर्व घट सारखे भारित राहणे आवश्यक असते. एखादा घट दुर्बल झाला, की व्यवस्थापन यंत्रणा त्याच्या मर्यादेनुसार सबंध घटमाला बंद करते. मालकाला मात्र ‘सकाळी शंभर टक्के, चार किलोमीटरांवर शून्य’ एवढेच दिसते. शिशाच्या बॅटऱ्यांप्रमाणे एक नग काढून नवा घातला, तर जुने व नवे घट एकमेकांशी जुळत नाहीत. घट निकेलाच्या पट्ट्यांनी ठिपका-वितळजोड पद्धतीने जोडलेले असतात. तेथे साधी डाखणी वापरल्यास उष्णतेने घटास इजा होते. पान्याचा चुकून स्पर्श होऊन दोन अग्रे जोडली गेली, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि तो तोडण्यास हाताशी बटण नसते.

बिघडलेल्या घटातील विक्रिया स्वतःची उष्णता स्वतःच वाढवीत जाते व शेजारच्या घटांत पसरते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात भारित होत असलेल्या स्कूटरच्या घटमालेचा स्फोट होऊन भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा पुढे मृत्यू झाला. त्या वर्षी देशात अन्यत्रही अशा आगी लागल्या. त्यानंतर घटमालेच्या सुरक्षेसंबंधीचे मानक दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ पासून, कडक करण्यात आले. घटमाला जितकी जलाभेद्य व बंदिस्त, तितकी ती सुरक्षित. पण त्याच मानाने ती दुरुस्तीस अवघड झाली आहे. मोहोर तोडल्यास उत्पादकाची हमी संपते आणि आवरण पुन्हा तितकेच जलाभेद्य करणे घरी शक्य नसते. म्हणून फुगलेली, आपटलेली, पुरात बुडालेली किंवा गोडसर उग्र वास येणारी घटमाला घरी उघडू नये. ती घराबाहेर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून केंद्रास कळवावे. दीर्घ काळ स्कूटर वापरावयाची नसल्यास घटमाला निम्मी भारित ठेवणे इष्ट असते. पूर्ण रिकामी ठेवलेली घटमाला काही महिन्यांत इतकी उतरते, की ती पुन्हा भारित करणेच धोक्याचे होते.

भारणाची सोय : जुन्या घरांतील दोन पिनांची जोडणी व भूसंयोजन नसलेली वायरिंग चार्जरला योग्य नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली, की भूसंयोजनाचा रोध वाढतो. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते व लातूरसारख्या, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात हे काम सहज विसरले जाते. लातूरची दुसरी अडचण वेगळी आहे. तेथील अध्यापनाच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावचे असंख्य विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात. वरच्या मजल्यावरून खाली सोडलेली लांब, बारीक तार तापते, तिचे प्लग वितळतात आणि दोष चार्जरला दिला जातो. काढता येणारी घटमाला खोलीत नेल्यास ही अडचण टळते. पण ती जिन्यात किंवा दारापाशी भारित करू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

माहिती व सुटे भाग : नव्या स्कूटरींत घटमाला, नियंत्रक व पडदा एकमेकांशी सांकेतिक संदेशांनी बोलतात. दोषाचा संकेतांक उत्पादकाच्या संगणक आज्ञावलीनेच वाचता येतो. दुसऱ्या उत्पादकाची किंवा नोंद न केलेली घटमाला कित्येक स्कूटरी स्वीकारीतच नाहीत. त्यामुळे कुशल कारागीर जवळ असूनही त्याचा उपयोग होत नाही. किनवटहून नांदेडला बंद स्कूटर आणावयाची, तर शंभराहून अधिक किलोमीटर टेंपोचे भाडे पडते. भाग पुण्याहून यावयाचा असल्यास तोपर्यंत दूध घालणाऱ्याचा किंवा शाळेत जाणाऱ्या शिक्षिकेचा रोजचा प्रवास अडून राहतो. खरेदीपूर्वी वेग व पल्ला विचारला जातो. अधिकृत दुरुस्ती केंद्र किती दूर आहे, नियंत्रक व चार्जर सुटे मिळतात काय आणि हमीत नेमके काय येते, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. घटमालेवर सामान्यतः ३ वर्षांची व काही उत्पादकांकडून ८ वर्षांपर्यंतची हमी मिळते.

दुरुस्तीच्या नावाखाली कमी वेगाच्या स्कूटरचा वेग वाढविण्याचे प्रकारही घडतात. अशा फेरफारांविरुद्ध महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये मोहीम घेतली. दुसऱ्या बाजूने, ग्राहकास दुरुस्तीचा हक्क मिळावा यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली व तिच्या कक्षेत वाहनेही घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू झाले. ही माहिती स्वेच्छेने दिली जाते. नियंत्रकाचे आराखडे व दोषांचे संकेतांक स्वतंत्र कारागिरांना देण्याचे बंधन त्यातून निर्माण झालेले नाही.

निकामी शिशाच्या बॅटरीला भंगारवाला रोख पैसे देतो, म्हणून ती घरात राहत नाही. लिथियमच्या घटमालेचे तसे नाही. ती माळ्यावर किंवा गोठ्यात पडून राहते. घटमाला अपशिष्ट व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ज्या विक्रेत्याकडून स्कूटर घेतली, त्याच्याकडे ती जमा करून पावती घ्यावी.