मतदानाचा शेजारधर्म

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडल्यावर भिवंडीच्या रस्त्यावर लागणाऱ्या कोन गावात, जेथे 20 मे 2024 रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, मतदाराला घराबाहेर काढण्याचे सामर्थ्य सरकारी फर्मानापेक्षा शेजाऱ्याच्या हाकेत अधिक असावे, असे मानण्यास शास्त्राचा भक्कम आधार आहे.

2 नोव्हेंबर 2010 रोजी अमेरिकेत जेम्स फाउलर आदी संशोधकांनी फेसबुकच्या सुमारे 6 कोटी 10 लाख सभासदांवर जो प्रयोग केला, त्यात मतदान करण्याची नुसती सूचना जवळजवळ निष्फळ ठरली. परंतु तिच्यासोबत मतदान केलेल्या स्नेह्यांचे चेहरे दिसताच मतदान वाढले. एकंदर सुमारे 3 लाख 40 हजार अधिक मते पडली आणि त्यांतील सुमारे 2 लाख 80 हजार स्नेह्यांकडून स्नेह्यांकडे गेलेल्या प्रभावाची होती. विशेष हे की, हा प्रभाव प्रत्यक्ष जिव्हाळ्याच्या मित्रांपुरताच मर्यादित राहिला. केवळ नावापुरत्या ओळखींचा उपयोग झाला नाही.

म्हणून मतदानाच्या दिवशी आळीतील वृद्धांना, नवमतदारांना आणि मागावरून दमून आलेल्या कामगाराला आपण स्वतः हाक मारावी. मत कोणास द्यावे, हे मात्र सर्वस्वी त्यांच्यावर सोपवावे.